वास्तुविशारदांचे पदवीनंतरचे शिक्षण : अभ्यासक्रम निवडावा कसा?

२००४ साली पदवी घेऊन व्यवसायात उतरलेल्या वास्तुविशारदाने महाविद्यालयात जे नियम अभ्यासले, त्यांपैकी फारच थोडे आज त्याच्या टेबलावर जसेच्या तसे उरले आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेची सुधारित आवृत्ती २००५ मध्ये आली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा बदलली. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये प्रथम जाहीर झाली व २०१७ मध्ये नव्याने लिहिली गेली. २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा असे दोन कायदे एकाच वर्षी मंजूर झाले. मुंबईसाठी नवी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०१८ मध्ये, तर उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतांश भागासाठी एकत्रिकृत नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. यांपैकी एकही गोष्ट त्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हती. नकाशावर सही मात्र त्याचीच असते.

या सहीपोटी येणारी जबाबदारी वाढत चालली, तशी व्यावसायिकांसाठीच्या अभ्यासक्रमांची बाजारपेठही फुलली आहे. हरित इमारतींची प्रमाणपत्रे, संगणकप्रणालींचे वर्ग, नियमावलीवरील एकदिवसीय कार्यशाळा, जतनशास्त्राच्या पदविका, उत्पादकांनी योजलेली संध्याकाळची व्याख्याने अशी निमंत्रणे दर आठवड्याला कार्यालयात येऊन पडतात. तीन-चार जणांचे कार्यालय चालविणाऱ्या वास्तुविशारदाला यांतील प्रत्येकाला वेळ देणे अशक्य आहे आणि एकालाही वेळ न देणे धोक्याचे आहे. निवड कशाच्या आधारे करावी, हा म्हणूनच आज या व्यवसायातील एक नाजूक प्रश्न झाला आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये वास्तुकला परिषदेकडे होते. ही नोंदणी चालू ठेवण्यासाठी या कायद्याच्या कलम २७ मध्ये नूतनीकरण शुल्काची तरतूद आहे. वर्षभरात अमुक इतके तास शिक्षण घेतलेच पाहिजे, अशी अट त्या कलमात नाही. व्यावसायिक वर्तनासंबंधी १९८९ साली करण्यात आलेल्या नियमांत मात्र आपल्या कुवतीनुसार उच्च दर्जाची सेवा देणे हे वास्तुविशारदाचे कर्तव्य सांगितले आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर आजची सेवा उच्च दर्जाची ठरू शकत नाही, हे उघड आहे.

इतर ठिकाणी ही गोष्ट विवेकावर सोडलेली नाही. ब्रिटनमधील वास्तुविशारदांची संस्था रिबा आपल्या सभासदांकडून वर्षाला किमान ३५ तासांच्या अभ्यासाची अपेक्षा ठेवते आणि त्यातील किमान २० तास ठरवून दिलेल्या दहा विषयांवर खर्च झाले पाहिजेत, असा तिचा दंडक आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सभासदांना वर्षाला १८ तास पूर्ण करावे लागतात. त्यांतील १२ तास आरोग्य, सुरक्षितता व लोककल्याण या विषयांचे असावे लागतात. आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात.

या आकड्यांपेक्षा त्यांमागील विभागणी अधिक बोलकी आहे. दोन्ही परदेशी संस्थांनी निम्म्याहून अधिक वेळ सभासदाच्या आवडीवर सोडलेला नाही. माणूस आवडीच्या विषयाचा अभ्यास आपणहून करतोच. टाळला जातो तो कंटाळवाणा पण जोखमीचा विषय. महाराष्ट्रातील वास्तुविशारदाने स्वतःसाठी वर्षाचा आराखडा आखताना हे तत्त्व उसने घ्यायला हरकत नाही.

आधी सहीचा हिशेब

अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी आपल्या कार्यालयातील कामांची यादी समोर घ्यावी. गेल्या दोन वर्षांत कोणकोणत्या कागदांवर सही केली आणि येत्या दोन वर्षांत कोणत्या कागदांवर करावी लागणार आहे, याची नोंद करावी. परवानगीचे नकाशे, जोते तपासणीचे दाखले, पूर्णत्वाचे दाखले आणि महारेराची प्रपत्रे, असे प्रत्येक कागदाचे स्वरूप लिहावे. त्यापुढे एकच प्रश्न लिहावा : या सहीतील कोणता भाग स्वतःच्या ज्ञानावर आधारलेला आहे आणि कोणता भाग सल्लागाराच्या किंवा सहायकाच्या शब्दावर?

उदाहरण महारेराचे घेता येईल. स्थावर संपदा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. त्या खात्यातून पैसे काढायचे तर वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात. काम किती टक्के झाले, हे वास्तुविशारद प्रपत्र एकमध्ये प्रमाणित करतो. त्याच्या एका आकड्यावर शेकडो कुटुंबांचे पैसे खात्याबाहेर जातात. नकाशे उत्तम काढणाऱ्या अनेकांना हा आकडा कसा काढावा, त्याच्या नोंदी कशा ठेवाव्यात, याचे शिक्षण कधीच मिळालेले नसते. अशा कार्यालयाला दर्शनी भागाच्या नव्या साहित्यावरील कार्यशाळेपेक्षा दाखल्यांच्या कायदेशीर बाजूवरील एका दिवसाचा वर्ग अधिक मोलाचा ठरेल.

असा हिशेब मांडल्यावर सहीखालची जमीन कोठे भुसभुशीत आहे, ते दिसू लागते. पहिला अभ्यासक्रम तेथला घ्यावा.

नियमावली : गावोगावचे निराळे गणित

सर्वाधिक मागणी असते ती विकास नियमावलीवरील वर्गांना. ही निवड करताना कोणत्या हद्दीची नियमावली शिकविली जाणार, हे आधी विचारले पाहिजे. मुलुंडचे टोल नाके ओलांडून ठाण्यात पाऊल ठेवले की नियम बदलतात. मुंबईत २०३४ च्या आराखड्याची नियमावली लागू आहे. तेथे ३५ टक्क्यांपर्यंतच्या प्रतिपूरक, म्हणजेच फंजिबल क्षेत्राचा हिशेब करावा लागतो. ठाण्यात, पुण्यात वा नाशकात एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे पी-लाइनच्या आतील क्षेत्र मोजले जाते आणि निवासी वापरासाठी ६० टक्के, तर इतर वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्राची तरतूद आहे. एका हद्दीचा सराव दुसऱ्या हद्दीत कामाला येत नाही, उलट चुकीला निमंत्रण देतो.

पुनर्विकासात तर विनियमाच्या क्रमांकागणिक विषय बदलतो. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३ (७), म्हाडा वसाहतींसाठी ३३ (५), समूह पुनर्विकासासाठी ३३ (९) आणि झोपडपट्टी पुनर्वसनासाठी ३३ (१०) असे स्वतंत्र विनियम आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासात सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) अन्वये शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांचाही संबंध येतो. 'पुनर्विकास : सर्वंकष मार्गदर्शन' अशा नावाच्या एकदिवसीय वर्गात हे सारे सामावणे शक्य नाही. आपल्याकडे ज्या विनियमाखालील काम आहे, त्यावरच पूर्ण सत्र ठेवणारा वर्ग शोधावा.

नियमावलीवरील वर्गाची गुणवत्ता ओळखण्याची एक साधी खूण आहे. शिकविणारा पडद्यावर कलमे वाचून दाखवितो की एखादा भूखंड घेऊन सामासिक अंतरांपासून वाहनतळापर्यंतचे संपूर्ण गणित सोडवितो, हे पाहावे. कलमे घरी वाचता येतात. दोन कलमे एकमेकांना छेदतात तेव्हा मार्ग कसा काढायचा, ते मात्र अनुभवी माणसाकडूनच शिकावे लागते. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने वर्गात कोणत्या तारखेपर्यंतच्या अधिसूचना धरल्या आहेत, हेही विचारून घ्यावे.

जिवाशी गाठ असलेले विषय

अग्निसुरक्षा, भूकंपरोधक रचना आणि सुगम्यता हे तीन विषय अभ्यासक्रमांच्या यादीत सहसा तळाशी असतात. तज्ज्ञ सल्लागार नेमला की आपली जबाबदारी संपली, असा समज त्यास कारणीभूत आहे. वस्तुतः या तिन्ही बाबतींत निर्णायक रेषा वास्तुविशारदाच्या पहिल्या आराखड्यातच ओढली जाते.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. वर्दळीच्या जागेतून माणसे बाहेर कशी पडणार, हा प्रश्न त्या दुर्घटनेने शहरापुढे ठेवला. जिन्यांची संख्या, त्यांची रुंदी, दरवाजा उघडण्याची दिशा आणि दोन जिन्यांमधील अंतर या बाबी राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात येतात आणि त्या रेखाटणाऱ्याच्या हाती असतात. महाराष्ट्रात याखेरीज २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. फवारे आणि पंप यांची माहिती देणारा वर्ग आणि बाहेर पडण्याच्या मार्गांचे नियोजन शिकविणारा वर्ग हे दोन वेगळे आहेत. वास्तुविशारदाने दुसरा आधी करावा.

भूकंपाचेही तेच. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. खाली वाहनतळासाठी मोकळा सोडलेला, केवळ खांबांवर उभा असलेला तळमजला हे त्यांतील अनेकींचे समान दुखणे होते. तळमजला मोकळा ठेवण्याचा, जिना एका कोपऱ्यात ढकलण्याचा वा इमारतीला इंग्रजी 'एल'सारखा आकार देण्याचा निर्णय संरचना अभियंत्याकडे नकाशा जाण्यापूर्वीच झालेला असतो. त्यामुळे वास्तुविशारदाला भूकंपाची गणिते सोडवता आली नाहीत तरी चालेल, पण इमारतीच्या आकाराचे परिणाम कळले पाहिजेत. आयआयटी कानपूर येथील राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राने सोप्या भाषेत प्रसिद्ध केलेल्या टिपा या अभ्यासाची उत्तम सुरुवात ठरतात, आणि त्या विनामूल्य वाचता येतात.

सुगम्यतेचा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. केंद्राने २०२१ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हे मानदंड केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. उतरंडीचा १:१२ हा दर सर्वांना पाठ असतो. पण ६० सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी त्या दराने ७.२ मीटर लांबीची उतरंड लागते आणि ती नंतर सामासिक अंतरात कोंबता येत नाही, हे पुष्कळदा बांधकाम उभे राहिल्यावर ध्यानात येते. चाकाच्या खुर्चीवरून प्रत्यक्ष इमारतीत फिरवून आणणारी कार्यशाळा मिळाली तर ती सोडू नये.

हरित प्रमाणपत्रे : नाव कोणाचे, उपयोग कोणाला?

हरित इमारतींच्या क्षेत्रात तीन नावे प्रामुख्याने ऐकू येतात. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना २००१ मध्ये झाली. टेरीने विकसित केलेली गृह ही पद्धती २००७ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. अमेरिकेतील लीड ही तिसरी. या प्रत्येकीच्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र परीक्षा आहेत. कोणती निवडावी, हे ग्राहकवर्गावर अवलंबून असते. सरकारी इमारतींची कामे करणाऱ्याला गृहचा उपयोग अधिक होईल. परदेशी कंपन्यांची कार्यालये करणाऱ्याला लीडचा. लीडच्या बाबतीत परीक्षा उत्तीर्ण होऊन भागत नाही. ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांनी १५ तास, तर विशेष शाखेच्या मान्यताप्राप्त व्यावसायिकाला ३० तास शिक्षण पूर्ण करून ती मान्यता टिकवावी लागते. हा आवर्ती खर्च आधीच हिशेबात धरावा.

राज्याच्या एकत्रिकृत नियमावलीत मानांकनाच्या श्रेणीनुसार मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर तीन, पाच किंवा सात टक्के प्रोत्साहनपर वाढ मिळू शकते. त्यामुळे विकासकांना या विषयात रस असतो. तथापि, मानांकनाची गुणतालिका भरता येणे आणि इमारत थंड ठेवता येणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याला दुसरी शिकायची आहे, त्याने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या इको निवास संहितेवरील प्रशिक्षण घ्यावे. अतिथंड प्रदेश वगळता भिंती व खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेचे मूल्य प्रति चौरस मीटर १५ वॉटपेक्षा अधिक असू नये, असे ती सांगते. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे चटई क्षेत्राशी किमान प्रमाणही तीत हवामानानुसार दिले आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत ते १६.६६ टक्के, तर नागपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के आहे. हे गणित साध्या तक्त्यावर मांडता येते आणि एकदा हातात बसले की प्रत्येक प्रकल्पात उपयोगी पडते.

जतनशास्त्र आणि संगणक

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्याआधी २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला हा मान मिळाला होता. या घडामोडींमुळे जतनशास्त्राच्या अभ्यासक्रमांकडे ओढा वाढला आहे. पुण्यातील वाडे आणि गोव्यातील जांभ्या दगडाची घरे यांची डागडुजी करणाऱ्यालाही हे शिक्षण लागते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतील ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि मूळ दगड-विटांचेच पापुद्रे निघू लागतात. ही समज छायाचित्रांच्या व्याख्यानातून येत नाही. चुना विरविणे, मळणे, थर चढविणे यांचा हाताने सराव देणारे शिबिर तीन दिवसांचे असले, तरी ते नुसत्या व्याख्यानांच्या तीन महिन्यांहून उपयुक्त ठरते.

बीआयएम, म्हणजे इमारतीचे सर्व तपशील एकाच त्रिमित प्रतिकृतीत गुंफणारी कार्यपद्धती, हा सध्या सर्वांत जोराने विकला जाणारा विषय आहे. नागपूर मेट्रोसारख्या प्रकल्पात वेळ आणि खर्च यांची सांगड घालण्यासाठी तिचा वापर झाला. लहान कार्यालयाने मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. आपले संरचना व सेवा सल्लागार या पद्धतीत काम करतात काय? करत नसतील, तर प्रतिकृतीचा मुख्य लाभ, म्हणजे तुळई आणि नळ यांची टक्कर आधीच दिसणे, हाती लागत नाही. दुसरे म्हणजे, वर्गाला बसणार कोण? प्रमुखाने शिकायचे आणि नकाशे मात्र सहायकाने जुन्याच पद्धतीने काढायचे, असे झाले की सहा महिन्यांत शिकलेले विसरले जाते. प्रमुखाला कार्यपद्धतीची आणि कराराची बाजू कळावी व सहायकाला आज्ञावलीचा सराव मिळावा, अशी विभागणी करणे श्रेयस्कर.

कायद्याचे वजन असलेले प्रमाणपत्र

बहुतेक अल्पकालीन अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्राने कोणताही नवा अधिकार मिळत नाही. अपवाद थोडे आहेत. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारत या वर्गात नोंदणीकृत मूल्यांकनकार होण्यासाठी वास्तुविद्येच्या पदवीधराला पाच वर्षांचा, तर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्याने मान्यताप्राप्त संघटनेचा ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर मिळणारी नोंदणी हा उत्पन्नाचा स्वतंत्र मार्ग ठरतो. माहितीपत्रकातील 'मान्यताप्राप्त' या शब्दाची पारख करताना हाच निकष लावावा : मान्यता कोणाची, कोणत्या कायद्याखाली, आणि तिच्यामुळे कोणते काम करता येते? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतेच आहे असे समजावे. अर्थात, ज्ञानासाठी तो वर्ग घेण्यास त्यामुळे बाधा येत नाही.

कोठे शोधावे?

वास्तुकला परिषदेच्या पुण्यातील प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे कार्यक्रम नियमित होतात. त्यांतील पुष्कळसे महाविद्यालयीन अध्यापकांसाठी असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी कार्यक्रम कोणासाठी आहे, हे पाहावे. १९१७ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या शाखा व केंद्रे ठिकठिकाणी व्याख्याने योजतात. केंद्र सरकारच्या स्वयम् या उपक्रमात आणि आयआयटींच्या एनपीटेलमध्ये चार, आठ व बारा आठवड्यांचे वर्ग घरबसल्या विनामूल्य करता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. लातूर, सिंधुदुर्ग वा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत काम करणाऱ्यांना प्रवास व मुक्कामाचा खर्च वाचविणारा हा मोठाच आधार आहे.

उत्पादकांनी पुरस्कृत केलेल्या व्याख्यानांबाबत तारतम्य बाळगावे. काचेचे वा जलरोधक लेपाचे गुणधर्म उत्पादकाइतके कोणाला ठाऊक नसतात, म्हणून ती सरसकट टाळण्याचे कारण नाही. मात्र त्या साहित्याच्या मर्यादा आणि पर्याय सांगितले जातात काय, यावरून ते शिक्षण आहे की विक्री, हे ठरते. अमेरिकेतील संस्था शिक्षणाच्या तासांत उत्पादनाच्या जाहिरातीस मनाई करते. आपल्याकडील १९८९ च्या नियमांतही ग्राहक वा काम मिळवून देण्याच्या बदल्यात सवलत, दलाली व भेटी घेण्या-देण्यास बंदी आहे. 'अभ्यासदौरा' या गोंडस नावाखाली येणाऱ्या परदेशवारीकडे या नियमांच्या चष्म्यातून पाहिलेले बरे.

तासांचा आणि पैशांचा आराखडा

शुल्क हा अभ्यासक्रमाच्या खर्चाचा एक भाग असतो. उदाहरणादाखल, कोल्हापूरच्या वास्तुविशारदाने मुंबईतील दोन दिवसांच्या कार्यशाळेचे पाच हजार रुपये भरले, तर प्रवास, मुक्काम आणि कामाचे बुडालेले दिवस धरून त्याचा खरा खर्च दुपटीहून अधिक होऊ शकतो. तोच विषय स्थानिक केंद्राने दहा-बारा कार्यालये एकत्र आणून व्याख्यात्यालाच कोल्हापुरात बोलावून केला, तर सहायकांनाही लाभ मिळतो.

लहान कार्यालयासाठी वर्षाला ४० तासांचे उद्दिष्ट आवाक्यातील आहे. त्यातील १२ तास आपल्या हद्दीच्या नियमावलीला आणि दाखल्यांच्या कायदेशीर बाजूला द्यावेत. आठ तास अग्निसुरक्षा, भूकंप वा सुगम्यता यांपैकी एका विषयाला. १६ तास आवडीच्या एकाच विषयाच्या सखोल अभ्यासाला. आणि उरलेले चार तास वर्षात अचानक येणाऱ्या नव्या अधिसूचनेसाठी राखून ठेवावेत. पुढल्या वर्षी जिवाशी संबंधित तीन विषयांतील दुसरा घ्यावा. अशा रीतीने तीन वर्षांत एक आवर्तन पूर्ण होते.

चौकट : प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

- शिकविणाऱ्याने हे काम प्रत्यक्ष केले आहे काय?
- संहितेची किंवा नियमावलीची कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह शिकविली जाणार?
- वर्ग विद्यार्थ्यांसाठी, अध्यापकांसाठी की व्यावसायिकांसाठी?
- एकूण तासांपैकी सरावाचे, गणिताचे वा जागेवरील तास किती?
- स्वतःच्या प्रकल्पाचा नकाशा आणून त्यावर चर्चा करता येईल काय?
- खर्च कोण करीत आहे, सहभागी की उत्पादक?
- प्रमाणपत्रामुळे कोणता अधिकार मिळतो, आणि तो टिकविण्यासाठी पुढे काय करावे लागते?

शिकलेले नकाशावर उतरले काय?

अभ्यासक्रम संपल्यानंतरची परीक्षा वर्गात होत नाही, ती कार्यालयात होते. वर्गावरून परतल्यावर आठवड्याभरात कार्यालयातील सर्वांना तासभर ते सांगावे आणि चालू असलेला एक नकाशा नव्या ज्ञानाच्या आधारे तपासावा. त्यात जिन्याची जागा, खिडकीचे माप, उतरंडीची लांबी किंवा दाखल्याची शब्दरचना यांपैकी काही बदलले, तर शुल्क वसूल झाले. सहा महिन्यांनंतरही कोणत्याच रेषेत फरक पडला नसेल, तर निवड चुकली असे मानून पुढल्या वर्षी ती सुधारावी. केलेल्या वर्गांची, तासांची आणि त्यामुळे नकाशात झालेल्या बदलांची एक वही ठेवणे यासाठी उपयुक्त ठरते. उद्या एखाद्या दाखल्यावरून वाद उद्भवला, तर आपण कोणत्या काळजीने आणि कोणत्या माहितीच्या आधारे सही केली, हे सांगण्यासही ती कामी येते.

घर घेणारे कुटुंब नकाशा वाचू शकत नाही. ते त्यावरील सहीवर विश्वास ठेवते. अभ्यासक्रमांच्या निवडीत शेवटी प्रश्न असतो तो या विश्वासाचा.